दुपारच्या वाती

१

जेवण झालं की श्रीपादराव ताट घासून पालथं घालत, ओटा पुसत आणि मग फ्रिजवरच्या स्टीलच्या वाटीतली गोळी घेत. पांढरी, मसुराच्या दाण्याएवढी गोळी. एवढ्याशा वस्तूने एवढा मोठा माणूस ताळ्यावर येतो याचं त्यांना पहिले काही दिवस नवल वाटे, थोडी लाजही वाटे.

पत्नी सुलूताई गेल्यानंतर त्यांच्या छातीत धडधड सुरू झाली होती. भोरच्या डॉक्टर अश्लेषा यांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली. हृदय ठणठणीत आहे, मन घाबरलंय, असं म्हणाल्या आणि ही गोळी लिहून दिली. श्रीपादराव जरा दुखावलेच. वेल्ह्याच्या पंचायत समितीत हयात काढलेला माणूस, सभापतींना घाबरला नाही तो रिकाम्या घराला घाबरतो म्हणजे काय! पण घाबरत होते हे खरं. रात्र कशीबशी निघे. खायला उठायची ती दुपार.

नोकरी होती तोवर घरातली दुपार कशी असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सकाळी एसटीत बसायचं, मार्गासनी, विंझर करत वेल्हं गाठायचं, दिवेलागणीला परत. निवृत्त झाल्यावर त्यांना दुपार सापडली. नदीकडच्या खिडकीशी सुलूताई वाती वळत बसायच्या आणि श्रीपादराव पेपर मोठ्याने वाचायचे. निधनवार्तासुद्धा वाचायचे. "अहो, निदान जेवण तरी जिरू द्या," असं त्या म्हणायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे सुख हाती आलं आणि धड चाखायच्या आत गेलं.

आता त्याच खिडकीशी आरामखुर्चीत बसून ते गोळी लागू पडायची वाट बघत. मग ऊन समोरच्या भिंतीवर चढलेलं दिसे. मधल्या वेळात काय झालं ते काही केल्या आठवत नसे. झोपेला निदान झोपल्याची जाणीव तरी असते. इथं दुपारचा तुकडाच कापून नेल्यासारखा होता. त्यांची काही तक्रार नव्हती. नको असलेली दुपार कुणी परस्पर नेली तर कोण रडतं?

एके दिवशी असेच भानावर आले आणि चष्मा काढायला त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला. हाताला कापूस लागला. खिशात दोऱ्याने बांधलेली वातींची जुडी होती, ताजी, किंचित ओलसर.

२

सुलूताईंनी लक्षवातींचं व्रत घेतलं होतं. लाखभर वाती स्वतःच्या हाताने वळायच्या, तुपात भिजवून देवापुढे लावायच्या आणि त्या उद्यापनाला नवराबायकोने जोडीने बसायचं. "वाती मी वळीन, तुम्ही फक्त शेजारी बसा. तेवढं तरी जमेल ना?" असं त्या चिडवायच्या. वाती संपत आल्या होत्या आणि ताप आला. पुण्याच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून त्या परत आल्या नाहीत.

मुलगा प्रद्युम्न पुण्यात कंपनीत आहे. अर्धवट राहिलेलं काम त्याला बघवत नाही. आईचं व्रत अपुरं राहायला नको म्हणून त्याने मशीनवर केलेल्या वातींची पाकिटं आणली. तशा वाती हल्ली सगळीच माणसं आणतात. गुरुजी जरा घुटमळले, "घरच्या असत्या तर..." म्हणाले, आणि मग भाव महत्त्वाचा म्हणून त्यांनी मान हलवली. नदीकाठच्या देवळात एका पाटावर श्रीपादराव बसले, शेजारच्या पाटावर बायकोच्या जागी सुपारी ठेवली. सुलूताईंच्या वाती आणि बाजारातल्या वाती एकदम पेटल्या. सुपारी पाटावरून दोनदा घरंगळली. फरशीला उतार आहे, असं प्रद्युम्न म्हणाला. फरशीला उतार होता हे श्रीपादरावांनाही मान्य होतं.

म्हणजे घरात एकही वात उरलेली नव्हती. कापूससुद्धा शेजारच्या चंद्राबाई घेऊन गेल्या होत्या. मग ही जुडी कुठली?

त्यांनी ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. सुलूताई डावऱ्या होत्या. सासूबाईंनी पुष्कळ बोल लावून पाहिले, पण वात वळायला डावाच हात पुढे यायचा, आणि त्यामुळे पीळ उलटा बसायचा. खिशातल्या प्रत्येक वातीचा पीळ उलटा होता. बोटाला दूध लावून वळायची त्यांची सवय होती. वातींना दुधाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण शुद्धीवर असताना, त्यांनी दुकानातून कापूस आणला आणि वात वळून बघितली. लठ्ठ, गाठाळ, मधेच तुटणारं काहीतरी झालं. दहा प्रयत्नांनंतरही झालं ते तसलंच. पीळ मात्र दरवेळी सुलटा.

दुपारी गोळी घेतली. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा खिशात नवी जुडी होती.

३

"भाऊ, काल दुपारी कुठं गेला हुतासा?" चंद्राबाईंनी ताकाचा तांब्या कुंपणावरून देता देता विचारलं. चंद्राबाई मूळच्या विंझरच्या, मालक एसटीत ड्रायव्हर. सुलूताई गेल्यापासून ताक, पिठलं, कधी भाकरी असं त्यांच्याकडून येई.

"कुठं जाणार? घरीच होतो."

"आवो, म्या लई हाका मारल्या. दार आतनं लावल्यालं. म्हनलं काय झालं का काय, म्हनून मागच्या खिडकीतनं बगितलं तर खुर्ची रिकामी."

"मोरीत असेन."

"आसाल," असं त्या म्हणाल्या, पण तांब्या त्यांनी लगेच सोडला नाही. "परवा बी रिकामीच हुती."

श्रीपादराव आत आले आणि खुर्चीकडे बघत उभे राहिले. घर दोन खोल्यांचं. पुढचं दार आतून कडी घालून बंद. मागे खिडकीला गज. गोळीच्या गुंगीत आपण कॉटखाली जाऊन झोपतो की काय, असं वाटून त्यांनी वाकून बघितलं. कॉटखाली धूळ सारखी पसरलेली होती.

प्रद्युम्नने फोनवर तोडगा सांगितला. "बाबा, मोबाईलवर रेकॉर्ड करा ना. तुम्हीच वाती वळता, आणि विसरता. ऐकलंत की पटेल."

त्यांनी मोबाईल खिडकीत ठेवून तसं केलं आणि संध्याकाळी कानाशी धरून ऐकत बसले. खुर्ची करकरली. पंख्याची घरघर. शेजारच्या कुकरची शिट्टी. आणि त्यांचा स्वतःचा श्वास, नाकात जरा वाजणारा. सुलूताई त्या वाजण्याला नावं ठेवत. मग तो श्वास थांबला. खुर्ची वाजली नाही, पाऊल वाजलं नाही. पंखा चालूच होता. बऱ्याच वेळाने दारावर थाप आली, "भाऊ! ओ भाऊ!" चंद्राबाईंचा आवाज, पुन्हा थाप. उत्तर नाही. पंखा चालूच. श्रीपादरावांनी मोबाईल कानावर इतका घट्ट दाबला की कान दुखायला लागला.

शेवटी खुर्ची एकदम करकरली आणि श्वास परत आला, लांबून चालत आलेल्या माणसाचा असतो तसा. आणि मग त्यांचाच आवाज, मऊ, त्यांनी कित्येक महिन्यांत कुणाशी काढला नव्हता असा:

"बरं. उद्या येतो."

प्रद्युम्न म्हणाला, हल्लीचे मोबाईल बारीक आवाज आपले आपणच गाळून टाकतात.

४

श्रीपादराव कागदपत्रात मुरलेले, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. सगळं ऐकल्यावर त्यांना भीती वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण भीतीच्या वरताण दुसरंच काही वाटलं. हेवा वाटला. रोज दुपारी कुणीतरी श्रीपाद नावाचा माणूस सुलूजवळ जाऊन बसत होता, तिच्याशी त्या मऊ आवाजात बोलत होता, आणि तो माणूस ते सगळं स्वतःपाशी ठेवून घेत होता. त्यांच्या वाट्याला नुसत्या वाती येत होत्या.

एक दिवस त्यांनी गोळी घेतलीच नाही. टक्क जागे राहून खुर्चीत बसले. कुणी आलं नाही, ते कुठं गेले नाहीत. छाती मात्र सुटल्यासारखी धडधडू लागली, हातापायाला कापरं भरलं, आणि चंद्राबाईंच्या मालकांनी त्यांना स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं.

"गोळी अशी एकदम सोडायची नसते काका," डॉक्टर अश्लेषा रागावल्या. "झटके येतात. बंद करायची असेल तर पायरीपायरीने करू. आणि आता करूच. तुमचं दुपारचं विसरणं मला आवडलेलं नाही."

"डॉक्टर, या गोळीनं आठवणी पुसल्या जातात का?"

"जुन्या नाही पुसल्या जात. पण गोळी लागू पडल्यावर पुढचे काही तास जे घडतं ते मनात साठतच नाही. माणूस बोलतो, फिरतो, भाजीसुद्धा चिरतो. बघणाऱ्याला कळत नाही. नंतर त्याच्याकडे काही नसतं."

"मग ते असतं कुठं?"

त्या हसल्या. "कुठंच नसतं, काका."

"गोळी कमी केली तर लक्षात राहील?"

"हळूहळू राहायला लागेल की. पुढचं. गेलं ते गेलं."

श्रीपादरावांना एवढंच हवं होतं. बाहेर येऊन त्यांनी औषधाच्या दुकानासमोर उभं राहून डोळे पुसले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी मोठं निघालंय.

५

अर्धी गोळी सुरू झाली. पहिले काही दिवस फरक पडला नाही. खिशातली जुडी तेवढी लहान झाली.

मग एका दुपारी भानावर येताना त्यांच्या तळपायाला गारवा होता. शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा. त्यांच्या घरात फरशी आहे. पाय उचलून बघितले तर कोरडे, स्वच्छ. पण तळव्यांना आठवत होतं.

त्यानंतर बांगड्या आल्या. हात हलला की एक बारीक किणकिण, थांबून पुन्हा किणकिण. वात वळायची ती लय. त्यांनी डोळे उघडले नाहीत. ती लय कानातून सांडू नये म्हणून मान न हलवता तसेच बसून राहिले. आयुष्यात एवढा आनंद त्यांना बढतीच्या दिवशीही झाला नव्हता, आणि तो कुणाला सांगावा हे न कळून त्यांनी कुंपणापाशी जाऊन चंद्राबाईंना सांगितलं.

"आज बांगड्या ऐकल्या मी तिच्या."

चंद्राबाई धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी आपल्या बांगड्यांवर हात ठेवला. "माज्याच आसतील, भाऊ."

"नाही हो. तिचा हात मला कळत नाही का?"

त्यांनी हातातलं धुणं परत बादलीत ठेवलं. "भाऊ, राग न्हाई यायचा ना? गेल्यालं मानूस आसं धरून ठिवू न्हाई. त्येचा जीव आडकतो."

"मी कुठं धरलंय चंद्राबाई?" श्रीपादराव कळवळून म्हणाले. "धरायला हाताला काही लागतच नाही माझ्या."

त्या दिवसापासून चंद्राबाई ताकाचा तांब्या कुंपणावर ठेवून जायला लागल्या, बोलायला थांबत नसत. श्रीपादरावांना ते उशिरा कळलं, कारण त्यांचं सगळं लक्ष आता गोळीकडे होतं. ते डॉक्टरांकडे वेळेआधीच गेले आणि पाव गोळीवर यायचं ठरवून आले. शहाण्या रुग्णासारखे वागताहेत म्हणून अश्लेषाबाईंनी त्यांचं कौतुक केलं.

६

पाव गोळी सुरीने कापताना निम्मी भुकटी होई. ती ते बोटाने टिपून घेत.

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं, नदीचं पाणी शिसवी दिसत होतं. खुर्चीत बसले. पंख्याची घरघर लांब गेली, आणि यावेळी ती लांब जाताना त्यांना कळलं.

ते एका दारात उभे होते. खोली लांबट, बसक्या आढ्याची. खिडकी कुठं नव्हती, पण उजेड होता, जेवणं उरकल्यानंतर माजघरात असतो तेवढाच. भिंतीच्या कडेने वातींच्या जुड्या रचल्या होत्या, गुडघ्याएवढ्या. मधे रांगोळी, रांगोळीपाशी दोन पाट. एक रिकामा. दुसऱ्यावर सुलू त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. उद्यापनासाठी घेतलेलं हिरवं लुगडं ती नेसली होती. त्याची घडीही तिने जिवंतपणी मोडली नव्हती. डावा हात हलत होता.

श्रीपादरावांना पाऊल उचलता येईना. त्यांनी हाक मारली. आवाज फुटला की नाही कोण जाणे, पण तिचा हात थांबला.

"आलात का?"

ती वळली. तिचा चेहरा त्यांना दिसला, आणि त्याबद्दल पुढे त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. ती दाराकडे बघत होती. ते उभे होते त्याच जागी बघत होती, पण नजर त्यांच्यावर ठरत नव्हती. वीज गेल्यावर घरातलं माणूस कुठल्या कोपऱ्यात आहे हे शोधावं तशी ती शोधत होती.

"अहो? आलात का?"

"हा बघ, इथं आहे," असं ते म्हणाले, म्हणजे त्यांनी म्हणायचा प्रयत्न केला.

"हल्ली अर्धेच येता तुम्ही," ती म्हणाली. "आधी कसे येऊन बसायचात शेजारी, पेपर वाचायचात. मग नुसते पाय यायला लागले. दारापासून पाटापर्यंत यायचे आणि उभे राहायचे. मी पायांशीच बोलायची. आज तर तेही नाहीत. नुसता श्वास वाजतोय."

तिने समोर हात लांब केला. तो त्यांच्या छातीपासून वीतभर अंतरावर हवेत चाचपडला आणि खाली गेला.

"थोड्याच राहिल्यात हो वाती. जोडीनं बसायचंय ना? मला एकटीला भीती वाटते इथं."

खुर्ची करकरली. पंखा डोक्यावर घरघरत होता. खिशात हात घातला तर एकच वात, अर्धी वळलेली.

त्यांना सगळं आठवत होतं. शब्दन्‌शब्द, तिच्या लुगड्याच्या काठाची चुणीसुद्धा. इतके दिवस जे मागत होते ते पदरात पडलं होतं, आणि श्रीपादराव तोंडात पंच्याचा बोळा धरून रडले.

७

गोळी पूर्ण थांबवायची तारीख आली. प्रद्युम्न गाडी घेऊन येणार होता. पुण्यात त्यांच्यासाठी त्याने एक खोली रिकामी केली होती, शेजारीच बाग होती, म्हाताऱ्यांचा कट्टा होता. पोरगा मनापासून करत होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

श्रीपादरावांनी शांतपणे विचार केला. औषध उतरताना माणसाला भलतीसलती, अगदी खरी वाटणारी स्वप्नं पडतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तसंच असेल. चंद्राबाईंची नजर चुकली असेल, मोबाईलने आवाज गाळला असेल, आणि उलटा पीळ इतकी वर्षं बघून आपल्याच हातांनी गुंगीत उचलला असेल. हे सगळं त्यांनी मान्य केलं. ती एक आठवण घेऊन ते पुण्याच्या त्या खोलीत सुखाने राहू शकले असते, रोज दुपारी काढून बघत. त्यांची आठवण त्यांच्याजवळ राहिली असती, आणि ती त्या खिडकी नसलेल्या खोलीत, शेजारी रिकामा पाट घेऊन, दाराकडे बघत. भास म्हटला तरी भासातली बाई घाबरलेली होती, आणि ती सुलू होती.

त्यांनी सकाळीच आंघोळ केली. रेशमी सोवळं नेसले, उपरणं घेतलं. जेवले, ताट घासून पालथं घातलं. दाराची कडी काढून ठेवली, उगाच कुणाला दार फोडावं लागू नये. कुंपणापाशी जाऊन म्हणाले, "चंद्राबाई, आज हाका मारू नका बरं का."

सोवळ्यातल्या श्रीपादरावांकडे बघून चंद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. "भाऊ, आज काय हाय?"

"उद्यापन."

"आन् प्रद्युम्नदादा यील त्याला काय सांगू?"

"सांगा, बाबा आईकडे गेलेत. त्याला चहा द्या, दमून येईल."

कपाटात उरलेल्या पट्टीतून त्यांनी गोळी काढली. न कापता, अख्खी. खुर्चीत बसून पाण्याबरोबर घेतली. आता जे काही होईल त्यातलं तसूभरही आपल्याला आठवणार नाही, तिचा हात हातात आला तरी तो आला होता हे कळणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. नवल म्हणजे त्या विचाराने छाती धडधडली नाही. संसारात लक्षात ठेवायचं काम कधी त्यांच्याकडे नव्हतंच. प्रद्युम्नला गोवर कधी आला, वेल्ह्याच्या एसटीत त्यांनी किती छत्र्या विसरल्या, कारल्याची भाजी ते कोणत्या वर्षी पहिल्यांदा मुकाट्याने जेवले, सगळं सुलूच्या ध्यानात असे. हेही ती ठेवील.

पंख्याची घरघर लांब जायला लागली. तळपायांना गारवा लागला. श्रीपादरावांनी उपरणं नीट केलं आणि जड होत चाललेल्या जिभेने, शक्य तेवढं मोठ्याने म्हटलं,

"सुलू, आज अख्खा येतोय."